जिनिव्हाची शिडी आणि दहा दिवसांचा हिशेब

डिसेंबर महिन्यात जिनिव्हाला जाणारा प्रवासी नाताळ पाहायला जातो. तळ्याकाठच्या बागेत लाकडी टपऱ्यांच्या रांगा लागलेल्या असतात. वितळलेल्या चीजचा वास, दालचिनी-लवंग घालून उकळलेल्या लाल वाइनची वाफ, झाडाझाडांवर दिवे. टेकडीवरच्या जुन्या गावात शिरावे तर चढणीच्या दगडी गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. मात्र महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात या गर्दीतल्या बऱ्याच जणांच्या हातात एक वेगळीच वस्तू दिसते. ते चॉकलेटचे, तीन पायांचे पातेले असते आणि त्यात बदामाच्या गराची इवली इवली गाजरे, वाटाणे, सलगम भरलेले असतात. हे पातेले नाताळाचे नव्हे. ते १६०२ सालच्या एका रात्रीचे आहे. आणि ज्या शहराने ते आजवर जपले, त्या शहराने त्या रात्रीच्या बावन्न वर्षे आधी नाताळाचा सण ठराव करून बंद केला होता.

मी पदवीधर इतिहासकार नव्हे. नोकरी सांभाळून शिवकालीन पत्रव्यवहाराच्या तारखा जुळवत बसणे हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा नाद. सुरतेच्या इंग्रज वखारीचे पत्र एक तारीख सांगते, गोव्याच्या पोर्तुगीजांचे पत्र त्याच घटनेची दहा दिवस पुढची तारीख सांगते, आणि आपली शकावली तिथी सांगते. तिन्ही खरे बोलत असतात. पोर्तुगालने पोप ग्रेगरीची सुधारलेली कालगणना १५८२ सालीच स्वीकारली. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या, ज्युलियन गणनेला चिकटून राहिले. सतराव्या शतकात या दोन गणनांत दहा दिवसांचे अंतर होते. हा हिशेब डोक्यात मुरलेला माणूस भाचीच्या आग्रहावरून डिसेंबरात जिनिव्हाला गेला, तर त्याचे लक्ष दिव्यांपेक्षा तारखांकडे जाणार, हे ओघाने आलेच. भाची म्हणालीही, "मामा, सगळं जग इथं रोषणाई बघायला येतं, तुम्ही कॅलेंडर काढून बसलाय."

आधी नाताळ बंद झाल्याची गोष्ट. लोकांच्या तोंडी ती 'कॅल्व्हिनने नाताळ बंद केला' अशी असते, आणि ती अर्धीच खरी आहे. जिनिव्हा तेव्हा स्वित्झर्लंडचा भाग नव्हते, ते एक स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १५३६ मध्ये त्याने रोमच्या धर्मसत्तेशी नाते तोडून सुधारणावादी पंथ स्वीकारला. रविवार तेवढा देवाचा, बाकी सारे सणवार माणसांनी वाढवलेले, असे तिथल्या धर्मोपदेशकांचे मत होते. पण शेजारचे बर्न हे बलाढ्य मित्रराज्य पंथाने तेच असूनही नाताळासह चार सण पाळत असे आणि जिनिव्हानेही ते पाळावेत, असा त्याचा आग्रह होता. १५३८ मध्ये फारेल आणि कॅल्व्हिन या दोघांना जिनिव्हाने हद्दपार केले, त्यामागच्या भांडणात बर्नच्या रीतिभाती हे एक मोठे कारण होते. १५४१ मध्ये कॅल्व्हिन परत आला तो काही अंशी तडजोड पत्करूनच. अखेर नोव्हेंबर १५५० मध्ये शहराच्या परिषदेने रविवार सोडून सगळे सण रद्द केले. ठराव परिषदेचा होता. कॅल्व्हिनने पुढच्या जानेवारीत बर्नच्या हालर या धर्मोपदेशकाला पत्र लिहून आपण हे मागितले नव्हते, असा खुलासाही केला आहे.

ठरावानंतरच्या पहिल्याच २५ डिसेंबरला कॅल्व्हिनचे नेहमीप्रमाणे प्रवचन होते. मीखा या संदेष्ट्याच्या ग्रंथावरची प्रवचनमाला चालू होती. त्या दिवशी चर्चमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसे आलेली पाहून तो खूश व्हायच्या ऐवजी रागावला. एक दिवस दुसऱ्यापेक्षा थोर मानून तुम्ही आला आहात, असे त्याने श्रोत्यांना सुनावले. सण ठरावाने बंद होतो, पण लोकांच्या पायांना त्या दिवशी चर्चकडे वळायची सवय असते, ती ठरावाने जात नाही.

या प्रवचनाचे साल काही पुस्तकांत १५५० तर काहींत १५५१ छापलेले दिसते. मला हे पाहून घरी आल्यासारखे वाटले! कारण साधे आहे. त्या काळी जिनिव्हात नवे साल १ जानेवारीला नव्हे, २५ डिसेंबरला सुरू होत असे. म्हणजे आजच्या हिशेबाने १५५० असलेला तो दिवस त्यांच्या दफ्तरात १५५१ चा पहिला दिवस होता. येशूच्या जन्मदिवसाचा सण ज्या शहराने रद्द केला, ते शहर आपले वर्ष मात्र त्याच दिवसापासून मोजत होते.

आता ती रात्र. दक्षिणेकडे सॅव्हॉयचे राज्य होते आणि तिथला ड्यूक शार्ल इमॅन्युएल कॅथलिक होता. आपल्या पूर्वजांच्या हातून निसटलेले जिनिव्हा परत घ्यायचे, हा त्याचा ध्यास होता. १६०२ च्या डिसेंबरात, एका शनिवारी रात्री, त्याचे सुमारे दोन हजार सैनिक अंधारातून शहराजवळ आले. सेनापती होता दाल्बिन्यी. खेचरांवर लादून आणलेल्या शिड्या तुकड्यातुकड्यांच्या होत्या आणि अंधारात दिसू नयेत म्हणून काळ्या रंगवलेल्या होत्या. पहाटे दोनच्या सुमारास कोरातरीच्या तटाला या शिड्या लागल्या. निवडक दोन-तीनशे लोक वर चढले. शिडीच्या पायथ्याशी अलेक्झांडर ह्यूम नावाचा स्कॉटिश जेझुइट पाद्री चढणाऱ्यांना धीर देत उभा होता. आत शिरलेल्यांनी दबा धरून राहायचे, मग पिको नावाच्या सुरुंगवाल्याने नवा दरवाजा आतून उडवायचा आणि बाहेरचे सैन्य आत घ्यायचे, असा बेत होता.

बेत फसला तो एका गस्तीमुळे. गोळी झाडली गेली, घंटा वाजली, लोक रात्रीच्या कपड्यांतच भाले-तलवारी घेऊन गल्लीत उतरले. पिको दरवाजाशी पोचला तेव्हा इझाक मेर्सिए नावाच्या पहारेकऱ्याने वरचा दोर कापून लोखंडी सळयांचे झडप-दार खाली सोडून दिले. सुरुंग कामाचा राहिला नाही आणि पिको तिथेच पडला. बुरुजावरच्या तोफेने शिड्या मोडल्या. आत अडकलेल्यांना परतीची वाट उरली नाही. उजाडायच्या आत सगळे संपले. शहराची १८ माणसे मेली, शत्रूची आत ५४ पडली. १३ जण जिवंत सापडले, त्यांना त्याच दिवशी फाशी दिले गेले. तह असताना, युद्ध पुकारल्याशिवाय जो रात्री तट चढतो तो सैनिक नव्हे, दरोडेखोर, असे शहराचे म्हणणे होते. सणाच्या दिवशी मुलांना ही फाशीची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही.

मुलांना सांगतात ती मेर रोयोमची, म्हणजे रोयोम आईची गोष्ट. तिचे माहेरचे नाव कातरीन शेनेल. १५७२ मध्ये फ्रान्सात प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, त्यानंतर लियाँहून जीव वाचवून आलेल्या कुटुंबातली ही बाई टांकसाळ-दरवाजाशेजारी राहत होती. तिने वरच्या खिडकीतून पातेले फेकून एका सैनिकाला लोळवले. त्यात भाज्यांचे कढत सूप होते, इतक्या मध्यरात्री ते चुलीवर का होते, याची उत्तरे सांगणाऱ्यागणिक बदलतात. चॉकलेटचे पातेले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. म्हणजे सण जुना, पण त्याचे रूप मिठाईवाल्यांनी दिलेले. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे?

'एस्कालाद' या फ्रेंच शब्दाचा अर्थ शिडी लावून चढणे. हेच या सणाचे नाव. सिंहगडाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मला हे चमत्कारिक वाटले. आपल्या मनात रात्री कडा चढून जाणारा तो वीर; किल्ल्यात झोपलेला तो बेसावध. जिनिव्हाची गोष्ट झोपेतून उठलेल्यांची आहे, आणि तरी त्यांनी सणाला नाव दिले ते शत्रूच्या करामतीचे.

आता माझ्या आवडीचा भाग. जिनिव्हाच्या दफ्तरात ही रात्र ११-१२ डिसेंबर १६०२ ची आहे. पण सॅव्हॉयमध्ये पोपची नवी कालगणना केव्हाच लागू झाली होती. चढणाऱ्यांच्या लेखी ती रात्र २१-२२ डिसेंबरची होती. तटाच्या आतले आणि बाहेरचे एकाच काळोखात वेगवेगळ्या तारखांना उभे होते. हे केवळ गमतीचे नाही. २१-२२ डिसेंबर ही वर्षातली सर्वांत मोठी रात्र. जिनिव्हाच्या अक्षांशावर ती पंधरा तासांहून अधिक असते. रात्रीत हालचाल करणाऱ्या सैन्याने हीच रात्र पाहावी, यात नवल नाही. जुन्या तारखेवरून पाहणाऱ्याला ही गोष्ट चटकन ध्यानात येत नाही.

रात्र अमावास्येसारखी काळी होती, असे सांगितले जाते. मी सवयीने तिथी काढून पाहिली. शके १५२४, पौष शुद्ध अष्टमी-नवमीचा सुमार. म्हणजे अमावास्या नव्हे, चंद्र निम्म्याहून थोडा अधिक. पण असा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर लवकरच मावळतो. दोन वाजता, शिड्या लागल्या तेव्हा, तो क्षितिजाखाली गेलेला होता. सैन्याला संध्याकाळभर वाट दिसावी आणि तटाशी पोचल्यावर काळोख मिळावा, अशी ही रात्र. ड्यूकच्या लोकांनी असाच विचार केला असेल, असे माझे अनुमान आहे. कागदावर तसे लिहिलेले मी पाहिलेले नाही.

दोन्ही गणनांत एकच गोष्ट सारखी होती, ती म्हणजे वार. ग्रेगरीने तारखा उडवल्या, वारांची माळ तोडली नाही. जुन्या कागदांची तारीख तपासताना आम्ही आधी वार जुळवून पाहतो तो याचसाठी. १२ डिसेंबर जुना घ्या की २२ डिसेंबर नवा घ्या, तो रविवारच येतो. ज्या शहराने वर्षातले सगळे सण काढून फक्त रविवार ठेवला होता, त्या शहराची सुटका रविवारच्या पहाटे झाली. ८३ वर्षांचा थिओडोर बेझ हा कॅल्व्हिनचा उत्तराधिकारी, त्याला कमी ऐकू येत असल्यामुळे गोंधळातही झोपून राहिला म्हणतात. सकाळी त्याने बायबलातले १२४ वे स्तोत्र गायला सांगितले, आणि ते स्तोत्र सेंट पिएरच्या चर्चमध्ये आजही या सणाला गातात.

तटाबाहेरच्यांचा नाताळ त्या दिवशी तीन दिवसांवर आला होता. आतल्यांच्या पंचांगात तो अजून तेरा दिवस लांब होता, आणि तो आला तरी त्यांना काही करायचे नव्हते. माझ्या मते एस्कालाद रुजण्याचे हे मोठे कारण. माणसाला भर थंडीत, सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास, दिवा लावायला आणि गोड खायला एक दिवस लागतो. जिनिव्हाने तो ठराव करून काढून घेतला होता. रिकाम्या झालेल्या त्या जागेवर १६०२ ची रात्र येऊन बसली. ती संताची नव्हती, मूर्तीची नव्हती, पोपची तर नव्हतीच. म्हणून धर्मोपदेशकांनाही तिच्यावर फारसा आक्षेप घेता येईना. पुढे जुलै १६०३ मध्ये सॅ-झ्युलियाँच्या तहाने ड्यूकला जिनिव्हाचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले, त्यामुळे त्या रात्रीला राजकीय वजनही आले.

नाताळ जिनिव्हात परत आला तो सतराव्या शतकाच्या अगदी अखेरीस. आणि पाठोपाठ कालगणना बदलली. प्रॉटेस्टंट शहरांनी पोपचे कॅलेंडर म्हणून जवळजवळ सव्वाशे वर्षे नाकारलेले ते गणित शेवटी पत्करले. जिनिव्हात ३१ डिसेंबर १७०० च्या दुसऱ्या दिवशी १२ जानेवारी १७०१ उजाडला. मधले अकरा दिवस गळाले. अकरा अशासाठी की १७०० हे साल जुन्या गणनेत लीप होते, नव्या गणनेत नव्हते.

आता एस्कालाद कधी करायचा? खरी रात्र पकडायची तर २२ डिसेंबरला. आकडा पकडायचा तर १२ ला. जिनिव्हाने आकडा पकडला आणि आजपर्यंत तोच चालू आहे. म्हणजे सण होतो तो मूळ दिवसाच्या दहा दिवस आधी. शुद्धतेच्या दृष्टीने ही चूक म्हणावी लागेल. पण दिनदर्शिका समोर ठेवून पाहिले की वाटते, या चुकीनेच सण वाचला. २२ तारखेला असता तर परत आलेल्या नाताळाने तो गिळून टाकला असता. पातेले नाताळाच्या झाडाखालच्या भेटवस्तूंत जाऊन बसले असते. दहा दिवसांच्या अंतरामुळे त्याला स्वतःचे अंगण मिळाले.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच देशात आहे. पूर्वेकडच्या आपेनझेल आउसररोडन प्रांताने नवी गणना जिनिव्हाच्याही नंतर घेतली. तिथे उर्नेश नावाच्या गावात वर्षअखेरीस मुखवटे घालून, अंगावर मोठमोठ्या घंटा बांधून लोक शेतघरांपुढे गात हिंडतात. हे ते ३१ डिसेंबरला करतात आणि पुन्हा १३ जानेवारीला करतात. १३ जानेवारी म्हणजे ज्युलियन गणनेतला ३१ डिसेंबर. त्यांनी आकडा सोडला आणि दिवस धरून ठेवला. (यांपैकी एखादा दिवस रविवारी आला तर मिरवणूक आदल्या शनिवारी होते. रविवारचा धाक तिथेही आहे.)

आपल्याकडे हा पेच नवा नाही. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. जेधे शकावलीतला आणि परमानंदाच्या शिवभारतातला हा दिवस ज्युलियन गणनेने शुक्रवार, १९ फेब्रुवारी १६३०. ग्रेगरियन गणनेने शुक्रवार, १ मार्च १६३०. सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते, म्हणजे जिनिव्हासारखा आपण जुना आकडा नव्या कॅलेंडरवर तसाच ठेवला. तिथीवाले तिथीला करतात, म्हणजे उर्नेशच्या जातीचे. १ मार्चला कोणीच करत नाही. मी कुठल्या बाजूचा, असे मला व्याख्यानांत विचारतात. मी दोन्ही दिवशी पेढे खातो.

प्रत्यक्ष सणाबद्दल थोडे. १२ डिसेंबरजवळच्या शनिवार-रविवारी जुने गाव १६०२ मध्ये जाते. १९२६ साली स्थापन झालेल्या 'कंपनी १६०२' या मंडळाचे शेकडो लोक त्या काळचे कपडे घालून मशालींच्या उजेडात मिरवणूक काढतात. घोडेस्वार चौकाचौकांत थांबून विजयाची घोषणा वाचतो आणि शेवटी सेंट पिएरच्या पुढ्यात मोठी होळी पेटते. मॉनेतिए नावाची एक बोळ आहे, एक माणूस कसाबसा जाईल एवढी. वर्षभर बंद असलेली ती बोळ या सणापुरती उघडतात, आणि तिच्यातून पार होण्यासाठी लोक रांग लावतात. पातेले फोडण्याचा मान घरातल्या सर्वांत थोरल्याचा आणि सर्वांत धाकट्याचा, दोघांनी मिळून. प्रजासत्ताकाचे शत्रू असेच नष्ट झाले, अशा अर्थाचे वाक्य म्हणायचे आणि मूठ मारायची. भाचीच्या घरी थोरला मी होतो आणि धाकटा तिचा पाच वर्षांचा मुलगा. पातेले तिसऱ्या ठोशाला फुटले.

आज जिनिव्हात रोज एक लाखाहून अधिक माणसे फ्रान्सच्या बाजूने कामाला येतात, त्यांतली पुष्कळशी जुन्या सॅव्हॉयच्या मुलखातली. १८१५ मध्ये हे शहर स्विस संघात सामील झाले, भोवतीची काही कॅथलिक गावे जोडली गेली, आणि आता कॅल्व्हिनच्या या प्रांतात कॅथलिकांची संख्या प्रॉटेस्टंटांहून जास्त आहे. नाताळाच्या जेवणात इथे कार्दोन नावाच्या काटेरी देठांच्या भाजीचा मान असतो. ती फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनो लोकांनी आणली. साफ करताना बोटे काळी होतात, आणि चव आपल्या आळूच्या देठांपेक्षा फार निराळी लागली नाही, अर्थात चीज वगळून.

परतीच्या आधी एक काम बाकी होते. २१ तारखेला जेवण आटोपून मी उशिरा बाहेर पडलो आणि दोनच्या सुमारास कोरातरीच्या रस्त्यावर उभा राहिलो. तट तिथे आता नाही. बँका आहेत, दागिन्यांची आणि घड्याळांची दुकाने आहेत. नाताळ तीन दिवसांवर असल्यामुळे काचांमागे सोनेरी फिती आणि खोटा बर्फ. दहा दिवसांपूर्वी याच उतारावर मशालींची गर्दी मी पाहिली होती. आता एक ट्रॅम डेपोकडे रिकामी गेली. नगरपालिकेचा एक माणूस झाडणीचे यंत्र चालवत खालून वर येत होता. मी हात वर करून त्याला वाट दिली आणि घड्याळात पाहिले. दोन वाजून दहा मिनिटे झाली होती.